लहान मुलाला घेऊन परदेश प्रवास: तिकिटाआधीची कामं, तिकिटानंतरची कामं

स्वस्तातलं तिकीट दिसलं, लगेच काढलं आणि मग बाळाच्या पासपोर्टसाठी धावाधाव सुरू झाली. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरांत परदेश प्रवासाचा घोळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. मोठ्यांचे पासपोर्ट कपाटात तयार असतात, म्हणून मुलाचंही होऊन जाईल असं धरून चालतात. पण मुलाचे कागद एकावर एक उभे असतात. जन्मदाखल्यावर पासपोर्ट, पासपोर्टवर व्हिसा आणि तिकिटावर पासपोर्टातलंच नाव. तळाच्या कागदात एक अक्षर चुकलं, तर वरचं सगळं पुन्हा करावं लागतं.

मुंबई-पुण्याकडून निघणारं, भारतीय पासपोर्टवर फिरणारं कुटुंब धरून हे लिहिलं आहे. उदाहरण मुख्यतः युरोपातल्या शेंगेन देशांचं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचं, घेतलं आहे, कारण कागदांची खरी परीक्षा तिथे होते. दुबई-सिंगापूरचे फरक त्या त्या जागी सांगितले आहेत. हाताशी किमान चार महिने ठेवा. शुल्क आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ उघडून एकदा पडताळून घ्या.

## टप्पा १: जन्मदाखला उघडा आणि अक्षर अक्षर वाचा

दाखला घरात आहे एवढ्यावर थांबू नका. समोर घेऊन बसा आणि चार गोष्टी बघा.

१. मुलाचं नाव आहे का? रुग्णालयातून नोंद जाते तेव्हा बाळाचं नाव बहुधा ठरलेलं नसतं. दाखल्यात नावाचा रकाना रिकामा राहतो आणि कित्येक घरांत तो तसाच राहून जातो. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून. काम जिथे जन्म नोंदला तिथेच होतं, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत. बाळंतपण माहेरी झालं असेल तर त्या गावाला एक खेप घालावी लागेल, ती आत्ताच ठरवा.

२. इंग्रजी स्पेलिंग कोणतं आहे? मराठीत ‘आरव’ एकच, पण इंग्रजीत त्यात ‘ए’ एक आहे की दोन, हे दाखला ठरवतो. पुढच्या प्रत्येक कागदावर तेच येणार.

३. आईचं नाव कसं आहे? आपल्याकडचा सर्वांत मोठा घोटाळा हा. लग्नानंतर पहिलं नाव तेच राहिलं तरी मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं आणि आडनावही बदलतं. दाखल्यात सासरचं नाव, आईच्या पासपोर्टात माहेरचं, आधार कार्डावर तिसरंच. व्हिसा अधिकाऱ्याच्या दृष्टीने या तीन वेगळ्या बायका असतात. नाव माहेरचं ठेवायचं की सासरचं, हा तुमचा प्रश्न आहे. कागदांना फक्त दुवा हवा असतो आणि तो दुवा म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. ते काढलेलं नसेल तर आता काढा. मंगल कार्यालयाची पावती किंवा लग्नपत्रिका यांनी भागत नाही.

४. वडिलांचं नाव त्यांच्या पासपोर्टाशी जुळतं का?

चूक सापडली तर दुरुस्ती नोंदणी कार्यालयातच करून घ्या, त्याला वेळ लागतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. आधार कार्ड दाखवून निभावेल अशी आशा ठेवू नका.

पुढे जाण्याआधी तपासा: जन्मदाखला, आईचा पासपोर्ट, वडिलांचा पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. चारही कागद वाचून अनोळखी माणसाला हे एकच कुटुंब आहे असं कळेल का?

## टप्पा २: मुलाचा पासपोर्ट

अर्ज पासपोर्ट सेवाच्या सरकारी संकेतस्थळावरून भरा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, हे बघा. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट जादा पैसे घेतात.

१. नावाचे रकाने. मुलाचं नाव आरव, वडिलांचं अमित, आडनाव कुलकर्णी असेल, तर आपल्या रीतीनुसार नावाच्या रकान्यात ‘आरव अमित’ आणि आडनावाच्या रकान्यात ‘कुलकर्णी’ जातं. मधलं नाव घालायचं की नाही ते ठरवा, पण एकदा घातलं की ते कायमचं सोबत येतं. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२पासून पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारला आहे.

२. जोडपत्र ‘ड’ (ॲनेक्शर डी). अल्पवयीन मुलासाठी आई-वडील दोघांनी सह्या करून द्यायचं हे घोषणापत्र. एका पालकाची संमती मिळणं शक्य नसेल, घटस्फोट झाला असेल किंवा पालक एकल असेल, तर जोडपत्र ‘क’ (ॲनेक्शर सी) लागतं. चुकीचं जोडपत्र नेल्यामुळे परत यावं लागलेली कुटुंबं पासपोर्ट सेवा केंद्राबाहेर नेहमी दिसतात.

३. फोटो. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो आपण न्यायचा असतो, ४.५ × ३.५ सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. चार वर्षांवरच्यांचा केंद्रातच काढतात. तान्ह्या बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून फोटो काढा. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मान धरणारा हात कुठेही दिसायला नको. त्या दिवशी काजळ आणि गालावरची तीट लावू नका. आजींना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर स्टुडिओच्या दारात बाळाची तीट पुसायची वेळ येते.

४. शुल्क. ३६ पानी पासपोर्टसाठी अल्पवयीन मुलाला १,००० रुपये आणि आठ वर्षांखालच्या मुलाच्या नव्या अर्जावर १० टक्के सवलत. तात्काळ हवा असेल तर आणखी २,००० रुपये.

५. भेटीच्या दिवशी मुलाला आणि दोघांच्या मूळ पासपोर्टना सोबत न्या. मुलाबरोबर एक पालक गेला तरी चालतं, पण सही दोघांची लागते. दोघांचे पासपोर्ट वैध असतील तर मुलाची पोलीस पडताळणी बहुधा लागत नाही. लागली, तर त्यात जाणारे दिवस धरूनच पुढचं ठरवा.

मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे विसरलं जातं. शेंगेन देशांत परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैधता लागते आणि दोन कोरी पानं. बऱ्याच आशियाई देशांत सहा महिने. म्हणजे पाच वर्षांचा पासपोर्ट प्रत्यक्षात साडेचारच वर्षं कामाचा. चार महिन्यांच्या बाळाचा फोटो असलेला पासपोर्ट चार वर्षांच्या मुलासोबत दाखवाल तेव्हा अधिकारी दोनदा बघणारच. जन्मदाखल्याची प्रत हातात ठेवा. चेहरा अगदीच बदलला असेल तर त्या कारणासाठी पासपोर्ट पुन्हा काढता येतो.

## टप्पा ३: तारीख ठरवताना मुलाचं वय मोजा

विमान कंपनीच्या हिशेबात दोन वर्षांखालचं मूल म्हणजे ‘इन्फंट’. ते मांडीवर बसतं आणि आंतरराष्ट्रीय मार्गावर त्याचं भाडं मोठ्यांच्या साधारण दहा टक्के असतं. हे वय प्रवासाच्या दिवशीचं मोजतात, तिकीट काढतानाचं नव्हे. जाताना मूल एक वर्ष अकरा महिन्यांचं असेल आणि दुसरा वाढदिवस तिकडे साजरा होणार असेल, तर परतीला त्याला स्वतंत्र जागा लागते. तिकीट काढतानाच हे सांगितलं तर परतीचं भाडं नीट लागतं. विमानतळावर कळलं तर त्या दिवशीच्या दराने, तेही जागा उरली असेल तर.

एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ चालतं. जुळी असतील आणि सोबत एकटी आई असेल, तर एकाला जागा घ्यावी लागेल.

माझं स्वतःचं मत सांगतो. दीड वर्षानंतरच्या मुलाला सहा तासांपेक्षा लांबच्या प्रवासात मांडीवर नेऊ नका. पैसे असतील तर जागा घ्या, नसतील तर सहल एक दिवसाने कमी करा. अकरा-बारा किलोचं झोपलेलं मूल नऊ तास मांडीवर धरून उतरलेल्या आईचा पहिला दिवस वाया जातो आणि हिशेब तिथेच चुकतो.

विमान निवडताना:

१. थेट विमान मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या. मध्ये थांबा घ्यायचाच असेल तर किमान तीन तासांचा. दीड तासात टर्मिनल बदलणं, पुन्हा सुरक्षा तपासणी आणि एक डायपर, एवढं बसत नाही.

२. दोन वेगळी तिकिटं जोडून स्वस्त पडणारा मार्ग मुलाबरोबर घेऊ नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं सुटतं आणि दुसऱ्या कंपनीवर त्याची जबाबदारी नसते.

३. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा (नुसतं विमान बदलण्यासाठीचा) लागतो का, हे मुलासाठीही वेगळं बघा.

४. मध्यरात्रीची तारीख. मुंबईहून बरीच आंतरराष्ट्रीय विमानं रात्री बारा ते पहाटे पाचच्या दरम्यान सुटतात. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००:४५ असेल तर घरातून १४ तारखेला संध्याकाळी निघायचं. शिकली-सवरलेली माणसंही यात चुकतात आणि १५ तारखेच्या रात्री विमानतळावर पोचतात. कॅलेंडरवर विमानाची वेळ लिहू नका, घर सोडण्याची लिहा. पुण्याहून येणाऱ्यांनी द्रुतगती मार्गावरचा घाट आणि मूल आजारी पडल्यास करावा लागणारा एक थांबा त्यात धरावा.

सावधान: या टप्प्यावर मार्ग आणि तारीख फक्त ठरवा. पैसे परत न मिळणारं तिकीट अजून काढायचं नाही.

## टप्पा ४: व्हिसा, संमतीपत्र, विमा

मुलाला स्वतंत्र व्हिसा लागतो, तान्ह्यालाही. आईच्या व्हिसावर बाळ जात नाही.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो जायला हवा. पण एप्रिल-मेच्या सुट्टीत मुंबई-पुण्याच्या व्हिसा केंद्रांवर वेळ मिळणं हीच खरी अडचण असते. म्हणून सुट्टीतल्या सहलीसाठी जानेवारीतच वेळ घेऊन ठेवा. जून २०२४पासून मोठ्यांचं शुल्क ९० युरो आहे, ६ ते ११ वर्षांच्या मुलांचं ४५, आणि सहा वर्षांखाली शुल्क नाही. केंद्राचं सेवाशुल्क मात्र वेगळं असू शकतं. १२ वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. फोटो मात्र ३५ × ४५ मिलिमीटरचा आणि सहा महिन्यांच्या आतला हवा. पासपोर्टसाठी काढलेला जुना फोटो उरला असेल तर तो वापरू नका, बाळाचा चेहरा सहा महिन्यांत बदलतो.

अर्जावर मुलाच्या वतीने आई-वडील दोघांनी सही करायची. एकच पालक सोबत जात असेल, किंवा मूल आजी-आजोबांबरोबर जात असेल, तर न जाणाऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं. इंग्रजीत, मुलाचा आणि दोघांचा पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, कुठे राहणार, आणि न जाणाऱ्या पालकाचा फोन क्रमांक, एवढं त्यात असावं. नवरा दुबईत कामाला आणि बायको मुलाला घेऊन त्याच्याकडे निघाली, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिथेही हे पत्र सोबत ठेवा. व्हिसा मिळाला म्हणजे पत्र संपलं असं नसतं. सीमेवरचा अधिकारी ते पुन्हा मागू शकतो, त्यामुळे मूळ प्रत हातातल्या पिशवीत हवी.

विमा घेताना मुलाचं नाव वेगळं लिहिलेलं आहे ना, ते बघा. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं. अगदी तान्ह्या बाळाला काही पॉलिसी घेत नाहीत, ते आधी विचारा. मुलाला दमा, झटके किंवा ॲलर्जीचा इतिहास असेल तर तो लपवू नका, कारण दावा नेमका त्यावरच नाकारला जातो.

काही देशांत व्हिसाखेरीज आगमनाचा वेगळा ऑनलाइन अर्जही असतो. थायलंडचा डिजिटल आगमन अर्ज १ मे २०२५पासून लागू आहे. सिंगापूरचा अर्ज आगमनाच्या तीन दिवस आधीपासून भरता येतो. दोन्हीकडे बाळाचाही भरावा लागतो. हे अर्ज विनाशुल्क असतात, पैसे मागणारी साइट लगेच बंद करा.

पुढे जाण्याआधी तपासा: व्हिसा हातात आला की त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक लगेच जुळवून बघा. चूक दुरुस्त करून घेण्याची वेळ हीच.

## टप्पा ५: आता तिकीट

शेंगेन अर्जाला आरक्षण दाखवावं लागतं, पैसे भरलेलं तिकीट नव्हे. रद्द करता येणारं आरक्षण दाखवून व्हिसा घ्या आणि मग पक्कं तिकीट काढा. भाडं थोडं वाढलं तरी अख्खं तिकीट बुडण्यापेक्षा ते परवडतं.

१. नाव पासपोर्टसारखंच. पासपोर्टात ‘आरव अमित’ असेल तर तिकिटातही पहिल्या नावात ‘आरव अमित’. घरचं नाव ‘चिकू’ असलं तरी ते तिथे लिहायचं नाही. हे सांगायची गरज पडते, कारण नातेवाईक तिकीट काढून देतात तेव्हा असंच होतं.

२. संपूर्ण कुटुंब एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) घ्या. बाबांचं तिकीट कंपनीकडून वेगळं आलं असेल तर विमान कंपनीला फोन करून दोन्ही जोडून घ्या, नाहीतर जागा लांब लांब मिळतात.

३. बॅसिनेट म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा. तो कंपनीला फोन करून मागावा लागतो, जागा मोजक्याच असतात आणि कमी भाड्याच्या बहुतेक विमानांत तो नसतोच. वजनाची मर्यादा विमानागणिक बदलते, बहुधा १०-११ किलोच्या आसपास. त्या रांगेत हात ठेवायच्या दांड्या वर होत नाहीत आणि पायाशी पिशवी ठेवता येत नाही. सीटबेल्टचा दिवा लागला की बाळाला उचलावं लागतं, गाढ झोपेत असलं तरी.

४. जेवण ४८ तास आधी सांगा. शाकाहारी घरांनी हे लक्षात घ्या: ‘चाइल्ड मील’ बऱ्याचदा मांसाहारी निघतं. एका प्रवाशाला एकच विशेष जेवण मिळतं, त्यामुळे शाकाहारी जेवण निवडा आणि मुलाचं खाणं घरून न्या.

## टप्पा ६: बालरोगतज्ज्ञ आणि औषधं

निघण्याच्या किमान महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा, आदल्या आठवड्यात नको. राहिलेली लस आणि गोवर-गालगुंड-रुबेलाची मात्रा यांविषयी विचारा. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेशी नेताना गोवराची लस आधी देण्याचा सल्ला डॉक्टर देऊ शकतात. पीतज्वराची लस लागणाऱ्या आफ्रिकी देशांत जात असाल तर त्या लसीचं प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरतात आणि नऊ महिन्यांखालच्या बाळाला ती सहसा देत नाहीत. अशा बाळाला घेऊन तिकडे जायचंच का, हा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवा.

औषधांत सर्वांत धोक्याची चूक पॅरासिटॅमॉलची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडे त्याचे थेंब येतात ते एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे. सिरप येतं ते पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅमचं. अमेरिकेत तेच सिरप पाच मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅमचं असतं. म्हणजे ‘पाच एमएल द्यायचं’ एवढंच पाठ असेल आणि बाटली बदलली, तर मात्रा दुप्पट-चौपट होऊ शकते. डॉक्टरांकडून मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या, किती तासांनी आणि दिवसात जास्तीत जास्त किती वेळा तेही. बाटली घरचीच न्या, तिची मोजणीची पिचकारीसुद्धा.

ओआरएसचंही तसंच. एक पाकीट एक लिटरचं असतं, दुसरं २०० मिलिलिटरचं. पाकिटावर छापलेलं वाचून तेवढंच पाणी घ्या. ग्लासभर पाण्यात मोठं पाकीट घातलं तर जुलाब वाढतात आणि मुलाला अपाय होतो.

सोबत डिजिटल थर्मामीटर, उलटीचं डॉक्टरांनी लिहिलेलं औषध, नाकात घालायचं सलाइन, डायपरच्या पुरळाचं मलम. सगळं मूळ बाटलीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. कोडिनसारखे घटक असलेली खोकल्याची औषधं अमिरातीत निर्बंधाखाली येतात, ती नेऊ नका.

सावधान: मूल विमानात झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. लहान मुलांच्या श्वासावर त्याचा परिणाम होऊ शकतो आणि काही मुलं त्याने उलट जास्त चेकाळतात.

## टप्पा ७: बॅगा भरणं

तीन थर करा. विमानाच्या पोटात जाणारी मोठी बॅग, वर ठेवायची केबिन बॅग आणि पायाशी राहणारी छोटी पिशवी. दोन केबिन बॅगांत सगळ्यांचे थोडे थोडे कपडे वाटून घाला, म्हणजे मोठी बॅग उशिरा आली तरी पहिले दोन दिवस निघतात.

पायाशी राहणाऱ्या पिशवीत:

- प्रवासाच्या दर दोन तासांना एक डायपर आणि त्यावर निम्मे जादा
- मुलाचे दोन जोड, तुमचा एक सदरा (उलटी बहुधा तुमच्याच अंगावर होते)
- एका एका वेळचं मोजून ठेवलेलं दुधाचं पूड
- औषधं
- कचऱ्यासाठी आणि ओल्या कपड्यांसाठी पिशव्या
- ओळखीचं एक खेळणं किंवा गोधडी. नवं कोरं खेळणं तिसऱ्या तासाला काढा.

द्रव पदार्थांची १०० मिलिलिटरची मर्यादा बाळाच्या दुधाला आणि खाण्याला प्रवासापुरती शिथिल असते, पण तपासणीत ते वेगळं काढून दाखवावं लागतं. पॉवर बँक केबिनमध्येच, मोठ्या बॅगेत कधीही नाही.

खाण्याचे पदार्थ हा आपल्या घरांतला हळवा विषय. आजीने प्रेमाने केलेले डिंकाचे लाडू बॅगेत जातातच. पण त्यांत खसखस असते. खसखस अमिरातीत आणि सिंगापुरात बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, सोबत सापडली तर प्रकरण गंभीर होतं. काळा मसाला, काही घरांतला गोडा मसाला, अनारसे यांतही ती असते. सुकं खोबरं मोठ्या बॅगेत चालत नाही. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे पेढे, खव्याची बर्फी आणि घरचं तूप घरीच ठेवायचं. सोबतच्या बाळासाठी दोन किलोपर्यंत बेबी फूड आणि दुधाचं पूड मात्र चालतं. ते कंपनीचं, सीलबंद आणि फ्रिजमध्ये ठेवावं न लागणारं हवं.

मग न्यायचं काय? सीलबंद पाकिटातलं नाचणी सत्त्व, मेतकूट, राजगिऱ्याच्या लाह्या, खाकरा, भाजलेल्या मूगडाळ-तांदळाचं खिचडी मिश्रण. विनालेबल पिशवीतली पूड तुम्हाला मेतकूट वाटते, सीमाशुल्काच्या माणसाला तसं वाटेलच असं नाही. घरचंच न्यायचं असेल तर इंग्रजीत नाव आणि घटक लिहून चिकटवा, आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशात प्रत्येक खाद्यपदार्थ अर्जावर जाहीर करा. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतात. लपवलेल्यासाठी दंड होतो.

## टप्पा ८: विमानतळ ते विमान

घरातून निघताना मुलाला पोटभर खाऊ घाला, पण शेवटच्या अर्ध्या तासात नाही. घाटातली उलटी टळते.

१. बाळ सोबत असेल तर ऑनलाइन चेक-इन बऱ्याच कंपन्या करू देत नाहीत. तीन तास आधी पोचा. बाळाचाही बोर्डिंग पास घ्यायचा आहे.

२. बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते. तिला काउंटरवरच टॅग लावून घ्या आणि ती उतरताना दारात मिळेल की पट्ट्यावर, हे विचारून ठेवा. मधल्या थांब्यावर ती मिळाली नाही तर उपयोगी पडावी म्हणून बाळाला अंगावर बांधायची पिशवी सोबत असू द्या.

३. सुरक्षा तपासणीत बाबागाडी घडी करून यंत्रातून जाते आणि मुलाला कडेवर घ्यावं लागतं. एकाने मूल धरायचं, दुसऱ्याने सामान, हे रांगेत लागण्याआधीच ठरवा.

४. कुटुंबांना आधी बोलावतात तेव्हा एकाने सामान घेऊन आत जावं, दुसऱ्याने मुलाला शेवटपर्यंत बाहेर पळू द्यावं. बंद विमानातली चाळीस मिनिटं वाचतात.

५. मांडीवरच्या बाळाचा छोटा पट्टा कर्मचाऱ्यांकडून मागून घ्या. तुमच्या पट्ट्याच्या आत बाळाला कधीही घेऊ नका. धक्का बसला तर तुमचं सगळं वजन त्याच्यावर येतं.

६. कान. चढताना त्रास कमी, उतरताना जास्त. जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी विमान खाली येऊ लागतं, तेव्हा बाळाला पाजा, मोठ्याला पाणी किंवा चघळायला काही द्या. झोपलं असेल तर उठवा. सगळं दूध वर चढतानाच संपवलं तर या वेळी हातात काही उरत नाही. कान फुटलेला किंवा जबर सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

७. दुधासाठी पाणी सीलबंद बाटलीतलंच मागा, टाकीतलं नको.

## टप्पा ९: उतरल्यावरचे दोन दिवस

पासपोर्ट, व्हिसा, परतीचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण, जन्मदाखला आणि संमतीपत्र एकाच पारदर्शक फोल्डरमध्ये वडिलांच्या किंवा आईच्या हातात असावं, दोघांत वाटलेलं नको. शेंगेन सीमेवर आता प्रवाशांची डिजिटल नोंद होते आणि लहान मुलांचाही फोटो घेतात. मुलाला टोपीबिपी घालू नका.

गाडी भाड्याने घेणार असाल तर मुलाची सीट आधीच आरक्षित करा. जर्मनीत १२ वर्षांपर्यंत किंवा १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत ती सक्तीची आहे, अमिरातीत चार वर्षांपर्यंत. ‘मांडीवर घेते ना मी’ हे तिथे चालत नाही आणि चालू नयेही.

बहुतेक शेंगेन देशांचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. मूल पहिले दोन-तीन दिवस पहाटे तीन-चारला ताजंतवानं होऊन उठणार. त्याला रागावून उपयोग नाही. दिवा मंद ठेवा, मेतकूट-भातासारखं ओळखीचं काही खायला द्या आणि उजाडल्यावर लगेच उन्हात न्या. पहिल्या दिवसाचं कोणतंही आगाऊ तिकीट काढू नका. संग्रहालय नाही, बोट नाही. जवळची बाग पुरे.

खोलीत शिरल्याबरोबर खिडक्या, गच्चीचं दार, किटलीची वायर आणि गरम पाण्याचा नळ बघा. तिकडच्या नळाला काही ठिकाणी भाजेल इतकं गरम पाणी लगेच येतं.

मुलाच्या खिशात एक चिठ्ठी असू द्या, त्यावर तुमचा तिथला चालू फोन क्रमांक आणि हॉटेलचं नाव. मुलाचं नाव वर दिसेल असं लिहू नका. रोज सकाळी त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा. मूल हरवलं तर कपड्यांचा रंग आठवत बसावं लागत नाही. युरोपात मदतीसाठी ११२ फिरवा, अमिरातीत पोलीस ९९९ आणि रुग्णवाहिका ९९८, सिंगापुरात रुग्णवाहिका ९९५.

परतीच्या आदल्या रात्री दूध, डायपर आणि औषधं पुन्हा मोजा. जाताना भरलेली पिशवी येताना निम्मी झालेली असते आणि विमानाला उशीर बहुधा परतीलाच जाणवतो. निदान सहा तासांचं जादा सामान घेऊनच हॉटेल सोडा.